चौदा शाली आणि एक नळ

1 जानेवारी 2023 ला रविवार आला होता. नवं वर्ष, महिन्याचा पहिला रविवार आणि प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून पाव आणि द्राक्षरस घेण्याचा विधी), सगळं एकाच सकाळी. पुण्या-मुंबईला कामाला गेलेली पोरं नाताळची सुट्टी धरून गावातच थांबलेली, त्यामुळे मंदिर, म्हणजे आमचं चर्च, गच्च भरलं होतं. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, प्याला उचलला, शब्द म्हटले, ओठांना लावला आणि क्षणभर तसेच थांबले. मग घोट घेतला. ट्रे बाकांवरून फिरू लागले तसं आम्हालाही कारण कळलं. काचेच्या छोट्या पेल्यांना भांड्यांच्या साबणाचा लिंबाचा वास येत होता. रस मनुकांचा नव्हता, बेकरीतून आणलेलं द्राक्षाचं सरबत होतं, आणि ते इतकं गोड की मागच्या बाकावरच्या एका आजोबांनी बाहेर पडताना विचारलं, "साखर कुणी टाकली रे यात?" पावाच्या कडा काढलेल्या नव्हत्या.

विधी पार पडला. पावाची कड आणि मनुका यांच्यावर श्रद्धा अवलंबून नसते, हे मलाही कळतं. पण आजवर हे सगळं कुणीतरी करत होतं, हे त्या सकाळी सगळ्या मंदिराला एकदमच कळलं.

मी त्या मंडळीचा (चर्चच्या सभासदांना मिळून आम्ही मंडळी म्हणतो) सचिव. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, साधारण नव्वद कुटुंबं, चर्च ऑफ नॉर्थ इंडियातली जुनी मंडळी. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम गाळतो आहे. छोट्या गावात आडनाव सांगितलं की अर्धी गोष्ट सांगून होते. आसपासच्या दोन मंडळ्यांनी "तुम्ही स्वयंसेवकांचा सन्मान केला म्हणे, कसा केला ते आम्हाला लिहून द्या" असं विचारलं, म्हणून हे लिहितो आहे. सन्मान आम्ही दोनदा केला. पहिला कसा फसला ते आधी सांगावं लागेल.

यादी झाली पंधरा मिनिटांत

ऑक्टोबर 2022 ची कमिटीची बैठक. कोरोनाची दोन वर्षं मागे पडली होती. त्या काळात मंडळीतल्या लोकांनी किराणा वाटला, दवाखान्यात डबे पोचवले, मोबाइलवर उपासना चालवली. त्यांचं कौतुक व्हायला हवं, यावर कुणाचं दुमत नव्हतं. बँकेत असलेल्या एका सभासदाने माहिती काढून आणली की 5 डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन, संयुक्त राष्ट्रांनी 1985 साली ठरवलेला. 4 डिसेंबरला रविवार पडत होता. झालं, तारीख ठरली.

मंडळीतल्या एका ज्येष्ठ वडीलधाऱ्यांनी बायबलमधल्या मत्तयाच्या सहाव्या अध्यायाची आठवण करून दिली: दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये. मग सत्कार कशाला? वचन बरोबर आहे. पण माझ्या अनुभवात हे वचन नेहमी पुढच्या बाकावरून येतं. ज्यांना मान आपोआप मिळतो, त्यांना दुसऱ्याच्या मानाची फार काळजी असते. शिवाय त्या वचनात देणाऱ्याने गाजावाजा करू नये असं म्हटलंय. घेणाऱ्याने आभार मानू नयेत, असं कुठे म्हटलंय?

त्यानंतर चाळीस मिनिटं नारळावर गेली. शाल-श्रीफळ म्हणजे शाल-श्रीफळ, महाराष्ट्रात सत्काराचा दुसरा साचा आहे कुठे? पण चर्चमध्ये श्रीफळ चालतं का? एकाचं म्हणणं, नारळ हे फळ आहे, हंगामाच्या सणाला लिलावात आपण बोली लावून घेतोच की. दुसऱ्याचं म्हणणं, लिलावातला नारळ वेगळा आणि हातात दिलेला वेगळा. शेवटी नारळाऐवजी नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, द्यायचं ठरलं. शाल, नवा करार, सन्मानचिन्ह आणि दारावर फ्लेक्स.

नावांची यादी मात्र पंधरा मिनिटांत झाली. आम्ही बसल्या जागी डोळ्यांसमोर मंदिर आणलं आणि कोण दिसतं ते सांगत गेलो. पेटीवाले सर दिसले, तबलजी दिसला, गायनमंडळातल्या चार जणी, संडे स्कूलच्या तिघी, माइकवाला मुलगा, हिशेब बघणारे भाऊ, तरुण संघाचे तिघे. चौदा. यादी माझ्याच हातची. आज वाचली की लक्षात येतं, ही सगळी माणसं उपासनेच्या वेळी आमच्याकडे तोंड करून उभी असतात, किंवा निदान आमच्या नजरेच्या टप्प्यात तरी असतात. आमच्याकडे पाठ करून काम करणारं त्यात एकही नव्हतं.

कार्यक्रम चांगला झाला असंच तेव्हा वाटलं. भाषणं झाली, फोटो झाले. गायनमंडळातल्या एका ताईंचं नाव पुकारलं तेव्हा त्या मागे बुंदीच्या कढईपाशी होत्या. पदराला हात पुसत आल्या, शाल घेतली आणि परत कढईकडे गेल्या. सगळे हसले, मीही हसलो. ज्यांचा सत्कार, त्यांनीच पहाटे पाचपासून दीडशे माणसांचं जेवण रांधलं होतं, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही.

जिचं नाव नव्हतं

तिला सगळी मंडळी मावशी म्हणते. वय साठीच्या पलीकडे, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी परभणीला दिली आहे. दिवसा अंगणवाडीत मदतनीस. तिथे तिला पगार नाही, मानधन मिळतं. शब्द बघा कसा आहे: मान आणि धन दोन्ही त्यात आहेत, म्हणून दोन्ही कमी दिले तरी चालतात. 2023 मध्ये राज्यभर संप झाला तेव्हा मदतनिसांचं मानधन महिना 4,425 रुपयांवरून 5,500 झालं. संपाआधी ते किती होतं हे मला माहीत नव्हतं. मावशीला मी वीस वर्षं ओळखतो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन. त्याची तयारी शनिवारी सुरू होते. अर्धा किलो काळ्या मनुका निवडून, देठ काढून भिजत घालायच्या. संध्याकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर उकळायच्या, थंड झाल्या की कुस्करून मलमलच्या फडक्यातून गाळायच्या, चोथा पुन्हा थोड्या पाण्यात चुरून परत गाळायचा. साखर घालायची नाही. पाव आदल्या दिवशीचा घ्यायचा, ताजा पाव कापताना चुरतो. कडा काढून बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे. पेले तीन ट्रेंमध्ये. साबण लावायचा नाही. गरम पाण्यात मीठ टाकून बुडवायचे, मग दोनदा साध्या पाण्यात, आणि फडक्यावर उपडे घालून वाळवायचे. पुसायचे नाहीत, धागे चिकटतात. उपासना संपली की पुन्हा सगळं, कारण रस वाळला की पेल्याच्या तळाला डाग धरतो.

ही माहिती मला जानेवारी 2023 नंतर मिळाली. तोवर "मावशी पेले धुतात" एवढंच ठाऊक होतं.

त्यात आमच्याकडचं पाणी. मंदिराच्या आवारातला बोअर फेब्रुवारी-मार्चात दम तोडतो. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्हा टँकरवर जगत होता, तेव्हा मावशी घरून कळशी भरून आणत होती. घरात प्यायच्या पाण्याची मारामार असताना. इतर वेळी पाळकसाहेबांच्या घराच्या हौदातून बादल्या वाहायच्या. मंदिराच्या मागच्या ओसरीपर्यंत ते अंतर साठ-सत्तर पावलं आहे, आणि मध्ये तीन पायऱ्या.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण आमच्या भागातल्या जुन्या मंडळ्यांना ती लागू पडेल. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेलची वस्ती उभी केली. ब्राह्मण घरात जन्मलेले, 1843 साली बाप्तिस्मा घेतलेले, स्कॉटिश मिशनचे. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यांना जमीन मिळाली. मिशनच्या त्या काळात कामाला पगार होता. प्रचारक पगारी, शाळामास्तर पगारी, घरोघर फिरून शास्त्र वाचून दाखवणारी बायबलबाई पगारी, आवार झाडणारा आणि घंटा वाजवणाराही पगारी. पुढे परदेशी मिशनं निघून गेली. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि मंडळ्या आपल्या पायावर उभ्या राहिल्या, याचा आम्हाला अभिमान आहे. पण पगार गेला तरी काम तसंच राहिलं. झाडणं, धुणं, पाणी भरणं कुणाच्या तरी अंगावर आलं, आणि ते "कुणीतरी" बहुतेक वेळा बाईमाणूस निघालं. तिला कुणी नेमलं नाही, तिची नोंद कुठे झाली नाही. म्हणून यादी करताना ती कुणाला आठवली नाही.

आम्ही शाल घेऊन गेलो

4 डिसेंबरला मावशी शेवटच्या बाकावर बसली होती. टाळ्या वाजवत होती, हे मला नंतर व्हिडिओत दिसलं. त्या दिवशीचे पेले तिनेच धुतले. नाताळात आली, गायली. मग कपाटाची किल्ली पाळकीणबाईंच्या हातात दिली आणि "लेकीकडं चालले परभणीला" एवढं बोलून गेली. रागावल्याची खूण म्हणाल तर एकही नाही. आमच्याकडे शेजारची बाई रागावली की गल्लीला कळतं. हिचा राग असा की तो राग आहे हेच कळायला साबणाचा वास यावा लागला.

कमिटीची तातडीची बैठक झाली. चूक झाली यावर एकमत, आणि उपायावरही एकमत: पंधरावी शाल. पाळकसाहेब, मी आणि आणखी दोघं मावशी परतल्यावर तिच्या घरी गेलो. चहा झाला. मी पिशवीतून शाल काढली.

ती शालीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मास्तर, ही अंगावर घेऊन भांडे घासू का मी?"

कुणी काही बोललं नाही.

"मला शालीचं काय पडलंय? पेटीत दोन हायत, उंदीर खातेत. दोन वर्षं झाले, मागं एक नळ द्या म्हणू राहिले. गुडघा दुखतो म्हणलं. तुम्ही पुढं चार नळ लावले. हात धुवायला. मागं एक नाही लावला."

ते खरं होतं. 2020 मध्ये फाटकापाशी हात धुण्यासाठी चार नळांची स्टीलची बेसिन बसवली होती. देणगीदारांच्या नावाची पाटीही आहे. 2022 मध्ये ते नळ कुणी वापरत नव्हतं. एकाच्या तोटीत चिमणीने काड्या घातल्या होत्या.

मी घरी येऊन इतिवृत्ताची वही उघडली. मार्च 2021: "मागील ओसरीत नळजोड देण्याची विनंती. चर्चा झाली. पुढील बैठकीत विचार करावा." नोव्हेंबर 2021: "सदर विषय निधीअभावी स्थगित." जून 2022: "विषय पुढे ढकलला." तिन्ही ठिकाणी अक्षर माझं. विनंती कुणाची, हे एकाही ठिकाणी लिहिलेलं नाही.

त्याच वहीत डिसेंबरच्या कार्यक्रमाचा खर्च होता: चौदा शाली, सन्मानचिन्हं, नवे करार, फ्लेक्स, बुंदीसह जेवण, मिळून साडेअठरा हजार. प्लंबरला विचारलं तर मागच्या नळाचा अंदाज त्याने चार हजारांच्या आत सांगितला. मंदिराच्या छतावर टाकी आधीपासून आहे. तीस फूट पाइप आणि एक तोटी, बस.

कामं लिहून काढली

यानंतर आम्ही जे केलं ते माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं एकमेव शहाणपणाचं पाऊल, आणि ते सुचलं पाळकीणबाईंना. त्या म्हणाल्या, "माणसं लिहू नका, कामं लिहा. माणूस मागून आपोआप येतो."

मी शंभरपानी वही घेतली आणि फेब्रुवारीचे चारही शनिवार-रविवार पहाटेपासून रात्रीपर्यंत आवारात बसलो. जे काम होताना दिसलं ते लिहिलं: घंटा वाजवली, बाकांवरची धूळ झटकली, बोअरची मोटर लावली, वेदीवरचा कपडा बदलला, अंथरुणावर असलेल्या तिघांना उपासनेनंतर भेटायला गेले, चपला नीट लावल्या (हे एक सहा वर्षांचं पोरगं करतं, स्वतःच्या मर्जीने), गाणी फळ्यावर लिहिली, कबरस्तानातलं काँग्रेस गवत उपटलं. महिनाअखेर त्रेपन्न कामं झाली. डिसेंबरच्या यादीतल्या चौदा जणांच्या वाट्याला त्यातली एकोणीस येत होती.

मग एकेकाला जाऊन भेटलो. दोनच प्रश्न विचारायचे: हे करताना अडचण काय येते, आणि हे अजून करायचं आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचा मला अंदाज नव्हता. पेटीवाले सर, वय एकाहत्तर, संधिवात. त्यांनी बोटं समोर धरली. उजव्या हाताची दोन बोटं पूर्ण सरळ होत नव्हती. "चार वर्षांपासून सोडायचं म्हणतोय मी. यंदा नाताळ झाला की सांगणारच होतो. तेवढ्यात तुम्ही शाल घातलीत. आता शाल घेऊन लगेच कसं सोडू? लोक म्हणतील, सत्काराचीच वाट बघत होता." मी डोक्याला हात लावला. ज्या माणसाला मोकळं करायचं, त्याला आम्ही चारशे रुपयांच्या शालीने बांधून ठेवलं होतं. आता त्यांचा नातू आणि आणखी एक मुलगी शनिवारी त्यांच्याकडे पेटी शिकायला जातात. नारायण वामन टिळकांची भजनं सरांना तोंडपाठ आहेत. कुठल्या ओळीवर मंडळी श्वास घेते आणि तिथे भाता कसा सैल सोडायचा, हे ते शिकवतात. वाजवत नाहीत आता, पण शेजारी बसतात.

कबर खोदणाऱ्यांचं प्रकरण निराळं. आमच्याकडे त्यासाठी पगारी माणूस नाही. तिघं जण आहेत, त्यातला एक आमच्या मंडळीचा नाही, कबरस्तानाच्या भिंतीलगत राहणारा मुसलमान शेजारी आहे. बापाने सांगितलं होतं म्हणून येतो. काळी माती: उन्हाळ्यात दगडासारखी, भेगा पडलेली, आणि खाली चार फुटांवर मुरूम लागतो, पावसाळ्यात उलट, खोदता खोदता बाजू ढासळतात आणि तळाला पाणी लागतं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे 2021 मध्ये, त्यांनी कडक उन्हात ओळीने कबरी खोदल्या होत्या. यांना व्यासपीठावर बोलावून टाळ्या वाजवणार का? मी विचारलं तेव्हा थोरल्याने मान हलवली. "कुणाच्या मातीवरून मला हार नको." मग काय पाहिजे? दोन चांगल्या पहारी, एक टिकाव, पावसात वर धरायला ताडपत्री, आणि "मैत दुपारी ठरवू नका उन्हाळ्यात, एवढं पाळकसाहेबांना सांगा." अवजारं आली. उन्हाळ्यातली मयत आता सकाळी नऊच्या आत किंवा पाचनंतर. हा नियम दोन ओळींचा आहे, पण तो करायला इतकी वर्षं लागली, कारण खोदणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं.

शालीची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी एकांगी ठरेन. माइक सांभाळणाऱ्या मुलाला शालीचं काही वाटलं नाही, पण त्याने लाजत विचारलं, "सर, लेटरहेडवर लिहून मिळेल का? तीन वर्षं साउंड बघितला असं?" छत्रपती संभाजीनगरला एका मंडपवाल्याकडे कामासाठी त्याला दाखवायचं होतं. त्याच दिवशी दिलं. आणि संडे स्कूल घेणाऱ्या तिघींपैकी एक शेजारच्या खेड्यातून येते, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली सून. दिवाळीनंतर घरचे सगळे कारखान्याच्या पट्ट्यात जातात, ही लहान लेकरामुळे मागे राहते. तिच्या घरी गेलो तर सन्मानचिन्ह टीव्हीच्या वर, प्लॅस्टिकची पिशवी न काढता ठेवलेलं. "माझं पूर्ण नाव पहिल्यांदाच कुणी माइकवर घेतलं," ती म्हणाली. लग्नपत्रिकेत सुद्धा चि. सौ. कां. च्या पुढे माहेरचं लाडाचं नाव छापलं होतं म्हणे. तेव्हा शाल वाईट, असं मी म्हणणार नाही. एकाच मापाची शाल चौदा खांद्यांवर घालण्यात आमचं चुकलं.

सोळावा अध्याय

पाळकसाहेबांनी मार्चमध्ये बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायावर उपदेश केला. हा अध्याय कुणी वाचत नाही. नुसती नावं आहेत, अमक्याला सलाम सांगा, तमकीला सलाम सांगा. मीही लहानपणापासून पान उलटत आलोय. पण नीट वाचलं तर पौल नुसतं नाव घेत नाही, बहुतेक ठिकाणी सोबत काम सांगतो. फीबी ही किंख्रियातल्या मंडळीची सेविका, तिने पुष्कळांना आधार दिला. प्रिस्का आणि अक्विला यांनी माझ्यासाठी जीव धोक्यात घातला. मरियेने तुमच्यासाठी श्रम केले. आणि मध्येच, बाविसाव्या वचनात, पत्र लिहून घेणारा तर्तियस स्वतःच डोकं वर काढतो: हे पत्र लिहिणारा मी, माझाही सलाम. सचिव म्हणून मला तो फार जवळचा वाटला. फक्त त्याने इतरांची नावं गाळली नव्हती.

त्याच उपदेशात प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायातली टबीथा आली. ती मेली तेव्हा पेत्राला बोलावलं, आणि विधवा रडत रडत त्याला तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं दाखवू लागल्या. तिची स्तुती करणारं एकही वाक्य त्यांच्या तोंडी नाही. त्या कपडे दाखवतात. हे ऐकताना मी मागे वळून बघितलं. मावशी नेहमीच्या जागी बसली होती आणि पाळकसाहेबांकडे नाही, खिडकीबाहेर बघत होती. उपदेश आपल्यावर आहे हे कळलं की माणूस असंच करतो.

आता दर महिन्याच्या बैठकीत पहिला विषय त्रेपन्न कामांच्या वहीचा असतो. पान उलटायचं, ज्या कामाची अडचण आली असेल ती बोलायची, मागणाऱ्याचं नाव इतिवृत्तात लिहायचं आणि पुढे ढकलायचं झालं तर का, ते त्या माणसाला घरी जाऊन सांगायचं. हे शेवटचं सगळ्यात परिणामकारक ठरलं. घरी जाऊन "नाही" सांगायचं म्हटलं की कमिटी बरेच विषय मंजूर करते. प्रत्येक कामाला दुसरा माणूस जोडायचं ठरलंय, ते मात्र निम्म्यालाच जमलंय. घंटेसाठी अजून कुणी मिळालेलं नाही. तरुण संघ मोबाइलवर घंटेचा आवाज लावू म्हणतो, आणि घंटावाले आबा त्यावर बोलायलाच तयार नाहीत.

मनुकांचा रस करायला मावशीच्या हाताखाली दोघी जणी आल्या. पहिल्याच शनिवारी एकीने साखरेचा डबा काढला तेव्हा काय ऐकायला मिळालं ते इथे लिहीत नाही.

डिसेंबर 2023 मध्ये सत्कार झाला नाही. त्याऐवजी 3 तारखेच्या उपासनेत त्रेपन्न कामं वाचून दाखवली, प्रत्येकापुढे नाव. त्या मुसलमान शेजाऱ्याचं नाव वाचलं तेव्हा तो फाटकाबाहेर उभा होता. चपला लावणाऱ्या पोराचं नाव आलं तेव्हा ते बाकाखाली शिरलं. जेवण त्या दिवशी कमिटीतल्या पुरुषांनी रांधलं. भात खाली लागला होता, भाजीत मीठ दोनदा पडलं होतं. महिला मंडळाने सगळं संपवलं आणि दोन महिने त्यावर हसले.

राहिला नळ. तो मार्च 2023 मध्येच बसवला. शनिवारी दुपारी प्लंबर आला, तीन तासांत काम झालं, पितळी तोटी, खाली कडप्प्याचा ओटा. मी, पाळकसाहेब आणि खजिनदार अशा तिघांनी उभं राहून करून घेतलं. संध्याकाळी मावशी मनुका घेऊन आली. तिने तोटी फिरवली, पाणी बघितलं, हात धुतले. खाली वाकली, पुन्हा सरळ झाली. पुन्हा वाकली.

"नळ चांगला आहे, मास्तर," ती म्हणाली. "पण एक हात वर पाहिजे होता. वाकूनच घासायचं तर हौदावर काय वाईट होतं?"

"मावशी, आधी सांगायचं ना."

"प्लंबर तीन तास होता म्हणता. माझं घर पाच मिनिटावर आहे."

मी वही काढली आणि तिच्यासमोरच लिहिलं: मागील ओसरीतील नळ दीड फूट वर घेणे व ओटा उंच करणे, मागणी मावशीची. प्लंबरला फोन लावला. तो म्हणाला, सोमवारी येतो. मी म्हणालो, "शनिवारी ये, चारच्या पुढं. मावशी असतील तेव्हा."